‘मला हवंय’ म्हणताना ते नक्की कुणाला हवं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, नोकरी ऐरोलीत, राहायला डोंबिवलीला आईवडिलांसोबत. लग्नाआधी स्वतःचा फ्लॅट हवा म्हणून कल्याणच्या पुढे वन बीएचके बघून ठेवलाय आणि टोकन भरायची मुदत जवळ आली आहे. दोन मित्र कॅनडाला चाललेत, तेव्हापासून तेही करावंसं वाटतं. रात्री झोपेपर्यंत रील्स. ‘जे वाटतं ते माझं आहे, की घरच्यांचं, मित्रांचं, मोबाईलचं? समाज आणि माध्यमं माणसाला स्वतःला ओळखूच देत नाहीत का? ओळखायचं तर सुरुवात कुठून करायची?’

मी परळमध्ये समुपदेशनाचं काम करते आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकते. लांबलचक लिहिणार आहे, कारण ‘मोबाईल कमी करा, ध्यान करा’ एवढ्यावर भागण्यासारखा हा विषय नाही.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाला हात घालते. स्वतःला ओळखायचं म्हटलं की बहुतेक जण शांत बसतात आणि मनाला विचारतात, ‘मला असं का वाटतं?’ मन ताबडतोब उत्तर देतं. ते पटतंही. सगळ्यात जपून राहायला हवं ते याच उत्तरापासून, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

१९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग दुकानात केलेला होता. टेबलावर नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कुठला? चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी ४० टक्के लोकांनी उजव्या टोकाचा जोड निवडला आणि डाव्या टोकाचा फक्त १२ टक्के लोकांनी. कारण विचारल्यावर कुणी विणीचं नाव घेतलं, कुणी पोताचं. मांडणीतल्या जागेचा काही परिणाम झाला असेल का, असं सरळ विचारलं तेव्हा जवळपास सगळ्यांनी ते झटकून टाकलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण वीण बघून निवड केली.

२००५ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेटर योहानसन आणि लार्स हॉल यांनी याच्या पुढची गंमत दाखवली. लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जास्त आवडलेला निवडायला सांगायचं, आणि मग हातचलाखीने न निवडलेलाच फोटो त्यांच्या हातात ठेवून विचारायचं, ‘हा का आवडला?’ बहुतेकांना अदलाबदल कळलीच नाही. काहींनी तर ‘हिचे कानातले छान आहेत’ असं कारण दिलं. त्यांनी मुळात निवडलेल्या बाईच्या कानात काही नव्हतंच.

निस्बेट आणि विल्सन यांचं म्हणणं असं की ‘का’ विचारल्यावर मन आत खोल उतरून बघून येतं असं फारसं होत नाही. अशा गोष्टीची जी कारणं आपल्या समाजात चालतात, त्यातलं शोभेल ते मन उचलतं आणि आपलं म्हणून पुढे करतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. समाज तुम्हाला इच्छा देतो, आणि त्या इच्छेसोबत तिची कारणंही देतो. त्यामुळे आत डोकावून बघितलं तरी सगळं जागच्या जागी दिसतं. शंका यायला फट राहत नाही.

तुम्ही तुमच्या प्रश्नात तीन वाक्यं लिहिली आहेत. ‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात.’ ‘ईएमआय म्हणजे सक्तीची बचत.’ ‘मुंबईच्या पट्ट्यात जागेचे भाव कधी पडत नाहीत.’ ही तीन वाक्यं मी विरारच्या रिक्षावाल्याच्या मुलाकडून ऐकली आहेत, पवईत राहणाऱ्या इंजिनिअरकडून ऐकली आहेत, आणि शब्दात फारसा फरक नसतो. म्हणून ती खोटी ठरतात असं मला म्हणायचं नाही. पण इतकी वेगवेगळी माणसं एकच वाक्य त्याच शब्दांत बोलतात, तेव्हा ते वाक्य त्यांच्यात तयार झालेलं नसतं, त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं असतं.

आता ते कुठून पोहोचलं ते बघण्यासारखं आहे. माध्यमांना दोष देण्याआधी हा भाग समजून घ्या, कारण माझ्या मते याच्याकडे फार दुर्लक्ष होतं. मुंबईत १९४७ साली भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठली. जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरं बांधणं मालकांना परवडेनासं झालं. पागडी, म्हणजे खोली मिळवण्यासाठी भाड्याशिवाय एकरकमी पैसे द्यायची रीत, सुरू झाली. पुढे ज्यांना जुनी खोली नव्हती त्यांच्या वाट्याला अकरा महिन्यांचे करार आले. दरवर्षी बिऱ्हाड हलवायचं, मुलांची शाळा बदलायची, रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला खेटे घालायचे. या शहरात ‘स्वतःची जागा हवी’ ही ओढ अशा अनुभवातून आलेली आहे. ज्या पिढीने ती ओढ पुढच्या पिढीच्या हाती दिली, त्या पिढीसाठी ती शंभर टक्के शहाणपणाची होती.

गिरणगावात काम करताना दुसरं एक उदाहरण रोज दिसतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यातल्या कित्येकांची नोकरी कधीच परत आली नाही. त्या घरांतली नातवंडं आज तिशीत आहेत, टॉवरमध्ये राहतात, लॅपटॉपवर काम करतात. पण नोकरी बदलायची वेळ आली की छातीत धडधडायला लागतं. पगार चांगला, हातात दुसरी ऑफर, तरी. ‘मी मुळातच भित्रा आहे’ असा त्यांनी स्वतःचा निष्कर्ष काढलेला असतो. आजोबांच्या हातातलं काम कसं गेलं होतं, हे घरात कुणी नीट बोललेलं नसतं. भीती मात्र जेवणाच्या ताटावर बसून रोज शिकवलेली असते: ‘हातातलं सोडू नको.’

म्हणून ‘समाज आपल्याला बिघडवतो’ असं सरसकट बोलायला मी तयार नाही. समाजाने दिलेल्या विचारात बहुधा कुणाचा तरी खरा अनुभव असतो. अडचण एवढीच की अनुभव त्यांचा असतो आणि निर्णय तुम्हाला घ्यायचा असतो. मधल्या काळात परिस्थिती बदललेली असू शकते, आणि ती बदलली आहे का हे तपासायची सवय कुणी लावत नाही.

माध्यमांचं काम वेगळं आहे. ती फारच क्वचित एखादी इच्छा शून्यातून तयार करतात. आधीपासून असलेली इच्छा ती इतक्या वेळा समोर आणतात की तिच्यावर विचार करायचं राहूनच जातं. १९७७ सालीच लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एखादं विधान लोकांना पुन्हा पुन्हा ऐकवलं, की ते खरं वाटण्याचं प्रमाण वाढतं, मग ते खरं असो वा नसो. ओळखीचं वाटणं आणि खरं वाटणं, यांतला फरक मनाला नीट करता येत नाही. तुम्ही डोंबिवलीहून निघता तेव्हा ठाण्यापर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना घरांच्या जाहिरातींचे फलक बघता. शनिवारच्या पेपरला पहिल्या पानाच्या आधी बिल्डरचं पूर्ण पान असतं. त्यातली एकही जाहिरात तुम्ही लक्ष देऊन वाचली नसेल. लक्ष न देता पाहिलेली गोष्टच जास्त मुरते, कारण तिच्याशी वाद घातलेला नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कशाबद्दल विचार करायचा, हे ठरवणं. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या मतदारांना विचारलं होतं की सध्याचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. लोकांनी दिलेला क्रम आणि त्या काळात वर्तमानपत्रं आणि टीव्ही ज्या गोष्टींना जास्त जागा देत होते त्यांचा क्रम, यांचा मेळ थक्क करणारा होता. आपल्याकडे याची परीक्षा घरबसल्या घेता येते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अशाच कारणांनी गेल्या दशकातल्या बहुतेक वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. तरीही ‘मुंबईत तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असं विचारलं तर लोक त्या आठवड्यात चॅनेलवर जे चाललेलं असतं ते सांगतात, आणि संध्याकाळी लोकलच्या दारात लटकत घरी जातात. आपली भीतीसुद्धा आपण स्वतः निवडलेली नसते.

शरीराबद्दलच्या कल्पनांचं म्हणाल तर फिजी बेटांवरचा अ‍ॅन बेकर यांचा अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. फिजीत भरलेलं अंग चांगल्या घरचं लक्षण मानत. टीव्ही आल्यावर काही आठवड्यांत बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी उलट्या काढणारी एकही मुलगी नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होतं. तीन वर्षं. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली, पण ‘मुलगी गोरी हवी’ हे त्याच्या कितीतरी आधीपासून स्थळं बघणाऱ्यांच्या तोंडी होतं. क्रीमच्या जाहिरातीने घराघरात कुजबुजली जाणारी गोष्ट राजरोस केली आणि तिला पंचेचाळीस वर्षं पुरवली. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ शब्द काढला. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींच्या मनातून तो अजून निघालेला नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चाळीत एकाच्या घरी टीव्ही असायचा आणि मजल्यावरची सगळी माणसं तिथे जमायची. तो काळ छान होता असं मी म्हणणार नाही. चाळीत कोण किती वाजता आलं यावर दहा घरांची नजर असे आणि त्या नजरेखाली कित्येक बायकांचं आयुष्य घुसमटलं. पण एक गोष्ट होती: सगळ्यांनी तेच पाहिलेलं असायचं, आणि कार्यक्रम संपल्यावर गॅलरीत कुणीतरी म्हणायचं, ‘काहीतरीच दाखवतात मेले.’ म्हणजे समोर आलेल्या विचाराला लगेच विरोध भेटायचा. तुमच्या मोबाईलवर काल रात्री काय आलं हे तुमच्या घरात शेजारी झोपलेल्या भावालासुद्धा माहीत नाही. त्याला दिसलेलं वेगळं होतं. त्यामुळे ‘हे काहीतरीच आहे’ म्हणायला कुणी उरलेलं नाही.

बरं, तिथे काय दिसावं हे ठरतं कसं? तुम्ही कुठे थांबलात, किती सेकंद बघितलंत, काय परत बघितलंत यावरून. तुम्हाला काय बरं वाटलं हे त्या यंत्रणेला कळत नाही, आणि तिने ते मोजायचं ठरवलेलंही नाही. कॅनडात बर्फातून चालत कॉफी पिणाऱ्या मराठी मुलाच्या व्हिडिओवर तुम्ही पोटात खड्डा पडल्यामुळे थांबलात, तरी नोंद एवढीच होते की थांबलात. उद्या आणखी तसले दोन येतात. चार दिवसांनी तुम्हाला वाटतं की सगळेच चाललेत. मग मित्रांचा विषय निघतो आणि ‘मलाही जायचंय’ असं वाटतं. यात तुमची ओढ किती आणि मागे राहण्याचं दुःख किती, हे वेगळं काढणं खरंच अवघड असतं. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी आणि दुःखी मजकुराचं प्रमाण आठवडाभर कमीजास्त करून पाहिलं, त्या लोकांना न सांगता. ज्यांच्यासमोर आनंदी मजकूर कमी आला त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातही आनंदी शब्द थोडे घटले. फरक अगदी बारीक होता, हेही सांगायला हवं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: तो आठवडा ज्यांनी काढला, त्यांच्या दृष्टीने त्यांचा मूड त्यांचाच होता.

आता एका गोष्टीबद्दल मला मनापासून काळजी वाटते, ती लिहिते. गेल्या काही वर्षांत स्वतःला ओळखण्याची भाषाच रील्समधून यायला लागली आहे. विशीतली मुलं माझ्याकडे येतात ती निदान घेऊनच. ‘मला एडीएचडी आहे.’ ‘आई नार्सिसिस्ट आहे.’ ‘माझं ट्रॉमा बाँडिंग झालंय.’ म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, फक्त स्वतःपुरतं बघणारं माणूस, आणि छळणाऱ्याच माणसात जीव अडकणं. हे शब्द बाहेर आले याचा फायदा आहे; दहा वर्षांपूर्वी याच मुलांना नुसतं ‘आळशी’ आणि ‘उद्धट’ म्हटलं गेलं असतं आणि खरोखरच्या आजाराला उपचार मिळाला नसता. पण मी विचारते, ‘आई काय करते, मागच्या आठवड्यातला एक प्रसंग सांग,’ तेव्हा बऱ्याचदा प्रसंग सांगता येत नाही. परत तोच शब्द येतो. शब्दाने प्रसंगाची जागा घेतलेली असते. पन्नास सेकंदांच्या व्हिडिओत सांगितलेली पाच लक्षणं कुणालाही लागू पडतील अशीच असतात, आणि ती लागू पडली की ‘मला मी सापडलो’ असं वाटून शोध थांबतो. आत्मभान अडतं ते असं. माणसाला स्वतःबद्दल काहीच सांगितलं नसतं तर तो शोधत राहिला असता. त्याला घाईघाईने तयार उत्तर दिलं गेलं.

मग सुरुवात कुठून करायची? ‘का’ बाजूला ठेवा. ‘केव्हा, कुठे आणि त्याच्या आधी काय’ हे विचारा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आपले विचार तपासून भावना बदलण्याची उपचारपद्धत, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. त्या परंपरेत आणि एकूणच विचारांवर काम करणाऱ्या उपचारांत विचारांची नोंद ठेवण्याला मोठं स्थान आहे. मी ती नोंद थोडी बदलून वापरते. साधी वही. वेळ, जागा, त्याआधी डोळ्यांसमोर किंवा कानावर काय होतं, आणि मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. शेवटी एक रकाना: हे वाक्य कुणाच्या आवाजात ऐकू येतं?

लालबागला राहणाऱ्या एका बाईंचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी तीन वर्षांची. दूरच्या एका महागड्या इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायचाच, त्यासाठी कर्ज काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. नवरा तयार नव्हता आणि भांडणं विकोपाला गेली होती. ‘कुणाच्या सांगण्यावरून नाही, मला स्वतःलाच वाटतं,’ असं त्या ठामपणे सांगत. वहीतल्या नोंदी अशा होत्या. सोमवार, रात्री पावणेअकरा, अंथरुणात. त्याआधी फॅमिली ग्रुपवर जावेच्या मुलीचा इंग्रजी कविता म्हणतानाचा व्हिडिओ. वाक्य, ‘माझी पोर मागे पडणार.’ बुधवार सकाळ, करी रोड स्टेशनचा जिना. पुढे चालणाऱ्या दोघी नर्सरीच्या मुलाखतीबद्दल बोलत होत्या. वाक्य, ‘आत्ताच काही केलं नाही तर उशीर होईल.’ शुक्रवार रात्र, परत मोबाईल, परत ‘मागे पडणार’. आणि मग शनिवार दुपार: मुलगी स्वयंपाकघरात डबे एकात एक घालत बसलेली, तासभर, वाक्याच्या रकान्यात नुसती रेघ.

ती वही चाळताना त्यांच्या लक्षात आलं की मुलगी प्रत्यक्ष समोर असताना ही काळजी एकदाही आलेली नव्हती. आवाजाच्या रकान्यात पहिले काही दिवस ‘माझाच’ असं होतं. नंतर एके ठिकाणी ‘बाबा’ असं लिहिलेलं सापडलं. गिरणी बंद पडल्यावर वडील भावाला अभ्यासाला बसवताना हेच म्हणायचे, ‘मागे पडशील.’ या बाईंना ते कुणी म्हटलं नव्हतं, त्या फक्त त्याच खोलीत असायच्या. पुढे त्यांनी मुलीला इंग्रजी शाळेतच घातलं, पण चालत जाण्याच्या अंतरावरच्या, कर्ज न काढता. मराठी शाळेत घातलं असतं तरी मला तितकंच बरं वाटलं असतं. माझं काम शाळा निवडण्याचं नव्हतं.

‘का’ न विचारण्याचं आणखी एक कारण आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याचा अभ्यास केला. उदास असताना ‘मी असा का, माझंच असं का’ हे घोळवत बसणाऱ्यांची उदासी जास्त टिकते आणि वाढते. आत्मपरीक्षण म्हणून लोक जे करतात त्यातलं बरंचसं हे घोळवणं असतं.

वही लिहायची तर मन थोडं रिकामं मिळायला हवं, आणि इथे बहुतेकांची गाडी अडते. ज्या विल्सन यांचा उल्लेख वर आला, त्यांनीच २०१४ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला: पंधरा मिनिटं एका खोलीत एकट्याने बसायचं, सोबत फक्त स्वतःचे विचार. हवं असेल तर एक बटण दाबून विजेचा झटका घ्यायची सोय. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी बटण दाबलं. तेव्हा तुम्हाला पाच मिनिटं शांत बसवत नसेल तर त्यात तुमचा कमकुवतपणा शोधू नका. तुमच्यासाठी माझी सूचना छोटी आहे. ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये फोन बॅगेत ठेवा, इअरफोनसुद्धा. दिवसाची तेवढीच वेळ. पहिल्या आठवड्यात फक्त चुळबूळ होईल. नंतर एखाद्या दिवशी असं काहीतरी मनात येईल जे ना रीलवर होतं ना घरी कुणी बोललं होतं. ते लिहून ठेवा, मग ते कितीही फुटकळ असो.

एकट्याने करायचं एवढंच. पुढचं काम माणसांत राहूनच होतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ पासून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेघांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. आजूबाजूचे सगळे, जे आधीच फितवलेले होते, मुद्दाम चूक उत्तर देतात, आणि खऱ्या उमेदवारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी डोळ्यांनी दिसणारं सोडून त्यांच्यामागे जातात. हे सगळे सांगतात. याचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: त्या घोळक्यात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा बसवला, की चुका एक चतुर्थांशावर आल्या. एकच पुरला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि खटले अंगावर घेतले. ते एकटेच लढले असं आपण म्हणतो, पण घरात मालतीबाई होत्या, आणि १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तुमच्या गोतावळ्यात असा एक माणूस शोधा ज्याच्यासमोर ‘मला फ्लॅट नकोय बहुतेक’ असं म्हणून बघता येईल आणि तो लगेच समजवायला लागणार नाही. तोंडाने म्हटल्यावर पोटात काय होतं ते बघा. हलकं वाटलं तर एक माहिती मिळाली. चुटपुट लागली तर तीही माहितीच.

विचार तुमचा की दुसऱ्याचा, हे तो आला कुठून यावरून ठरवू नका. त्या हिशोबाने भाषा, चव, देवधर्म, सगळंच दुसऱ्याचं निघेल आणि हाती काही उरणार नाही. बाहेरून आलेला विचार तुम्ही उलटसुलट करून पाहिलात, त्याची किंमत कळली आणि तरी ठेवलात, की तो तुमचा झाला. आईचा विचार ठेवायला काहीच हरकत नाही. नोंद करूनही झोप उडतच राहिली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, जगणं नकोसं वाटलं, तर वहीवर थांबू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे.

आता टोकनबद्दल. ‘ऑफर रविवारपर्यंतच’ असं त्यांनी सांगितलं असेल तर रविवार जाऊ द्या. अशी ऑफर बहुधा पुढच्या रविवारीही असते. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडचा नोंदणी क्रमांक, मागून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर ताबा कधीचा लिहिलाय ते स्वतः वाचा. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. मग स्वतःला एक अट घालून बघा: हा फ्लॅट घेतला तर वर्षभर कुणालाही सांगायचं नाही. स्टेटस नाही, ऑफिसात पेढे नाहीत, लग्नाच्या बायोडेटात उल्लेख नाही. तरी हवासा वाटतो का? आणि कॅनडाला हीच अट लावा. पंधरा दिवस वही लिहून झाली की आईवडिलांजवळ बसा आणि विचारा, डोंबिवलीला येण्याआधी त्यांनी किती बिऱ्हाडं बदलली, आणि कुठल्या घरातून कधी निघावं लागलं होतं का. ते काय सांगतात ते पूर्ण ऐकून घ्या, आणि त्यानंतर बिल्डरला फोन करा.